परतीचं वजन

बास्सू अमझिलला आमच्या डोंगरातल्या जवळजवळ प्रत्येक गावानं जेवू घातलेलं आहे, आणि त्याच्याकडे पाहिलं की ते खोटं वाटत नाही. नारिंगी गणवेशाची चेन गळ्यापर्यंत ओढायची तर त्याला आधी पोट आत घ्यावं लागतं, आणि श्वास सोडला की चेन आपल्या मनानं खाली येते. हेलिकॉप्टरमधला परिचारक म्हटल्यावर लोकांना कुणी शिडशिडीत, चपळ गडी डोळ्यांसमोर दिसतो. बास्सू हेलिकॉप्टरमधून उतरायचा तो आधी पोट, मग बास्सू अशा क्रमानं, आणि गावातली पोरं हेलिकॉप्टर सोडून त्यालाच बघत राहायची.

त्यामागे एक गणित होतं. ॲटलस पर्वतात वर हवा पातळ. उन्हाळ्यात भर दुपारी तर ती इतकी पातळ होते की हेलिकॉप्टरच्या पात्यांना धरायला काही सापडत नाही. जाताना तिघंच असतात, कॅप्टन अझ्नाग, डॉक्टर शामा आणि बास्सू, त्यामुळे जाणं जमून जातं. येताना मात्र एक रुग्ण असतो, आणि रुग्णाच्या गळ्यात पडून 'मीही येणार' म्हणणारा एक बाप, आई किंवा सासू असतेच. मग कॅप्टन कानामागची पेन्सिल काढून तळहातावर आकडे मांडायचा, आभाळाकडे बघायचा, मिशी चावायचा आणि शेवटी म्हणायचा, "जाड्या, तू राहा."

आणि बास्सू राहायचा. आता गावाची लेक आभाळातून दवाखान्यात गेलेली आणि तिला न्यायला आलेल्यांपैकी एक जण गावाच्या तावडीत सापडलेला, म्हटल्यावर त्याचे लाड कोण नाही करणार? कोकरू नाहीतर कोंबडी, मध, लोणी, तव्यावरून थेट हातात पडणारी रोटी आणि पुदिन्याच्या चहाचे मोजू नयेत इतके पेले. दुसऱ्या दिवशी तो खेचरावरून सडकेपर्यंत आणि तिथून बाजाराच्या टेम्पोतून खाली यायचा, आदल्या दिवसापेक्षा जड होऊन. जड झाला म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा तोच वर राहायचा. तळावर सगळे त्याला 'डोंगरचा जावई' म्हणायचे. तोही हसायचा.

गंमत एवढीच होती की बास्सू हे मुद्दाम करत होता.

मागच्या हिवाळ्यात तूदा नावाची एक शाळकरी मुलगी छपरावरचा बर्फ ओढताना खाली पडली. थंडीचे दिवस, हवा दाट, त्यामुळे सगळे एकाच खेपेत मावले. तूदा अर्ध्या वाटेत गेली. बास्सू तिच्या तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत होता, डॉक्टर शामा तिची छाती दाबत होती, आणि दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत बघूनच कळलं होतं. पुढच्या सीटवर तिचा बाप मुहा बसलेला, कानावर हेडफोन. त्यानं विचारलं, "झोपली का?"

बास्सू म्हणाला, "हो, झोपली."

हेलिकॉप्टरमध्ये बापाला दुसरं काय सांगणार? वेडापिसा झालेला माणूस तिथं कॅप्टनच्या हाताशी बसलेला असतो. नियमही तेच सांगतो. बास्सू उतरेपर्यंत पिशवी दाबत राहिला. उतरल्यावर मुहानं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "अल्ला तुझ्या आईबापावर दया करो, माझ्या पोरीला तू सुखानं झोपवून आणलंस." खरं काय ते त्याला पुढे दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. बास्सूची चूक काहीच नव्हती. पण चूक नसली की माणूस सुटतो, हे कुणी सांगितलं?

तेव्हापासून बास्सूला वर जायची भीती नव्हती. वर जायला तर त्याला फार आवडायचं. खाली देवदार मागं पडत जायचे, गडी मनात गाणी म्हणायचा, गावात उतरून नाडी बघायचा, सुई लावायचा, मोडलेलं हाड बांधायचा आणि रडणाऱ्या सासवांना दम भरायचा. भीती होती ती परतीची. रुग्ण आत ठेवून दार बंद झालं की त्याच्या बोटांतली ताकद निघून जायची. मग त्यानं आपल्या परीनं उपाय शोधला आणि खायला सुरुवात केली. भीतीवर माणसं काय काय करतात. हा तर बिचारा नुसता जेवत होता.

बोलून मोकळं व्हायचं का, तर त्याचाही अनुभव तळावर होता. बुअझ्झा म्हणून एक परिचारक होता. त्यानं एकदा भाबडेपणानं वरच्या साहेबांना सांगितलं की मला वाईट स्वप्नं पडतात. वरच्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि त्याला 'आरामासाठी' तळघरातल्या औषधांच्या कोठीत पाठवलं. तो अजून तिथंच सलाईनच्या बाटल्या मोजतो आहे, आणि आता त्याच्या स्वप्नात बाटल्या येतात म्हणे. बास्सूच्या आईनं त्याचा नारिंगी गणवेशातला फोटो टीव्हीच्या वर लावलेला होता. तळघरातल्या कोठीचा फोटो कोण लावतं?

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना राजधानी रबातहून मदाम नुझा आली.

मदाम नुझा मानसतज्ज्ञ होती. 'हवाई वैद्यकीय पथकांचं स्वास्थ्य' हे तिच्याकडे सोपवलेलं काम होतं. बाई वाईट नव्हती, उलट मनानं चांगलीच होती. पण राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी तिच्या हातात जे दिलं होतं ते घेऊन ती आली होती, आणि ते होतं एक सुगंधी मेणबत्ती, सूर्य, ढग आणि पाऊस यांची रंगीत चित्रं आणि एक वजनकाटा.

"आज तुमच्या मनात कोणतं हवामान आहे, ते चित्र उचला," ती म्हणाली.

कॅप्टन अझ्नागनं तिन्ही चित्रं उचलली, उलटी करून बघितली आणि विचारलं, "वाऱ्याचा वेग कुठं लिहिलाय?"

मग तिनं एकेकाला समोर बसवलं. बास्सूची पाळी आली.

"कसं वाटतंय, सी बास्सू?" तिनं आदराचा 'सी' लावून विचारलं.

"छान, हम्दुलिल्लाह."

"झोप लागते?"

"हम्दुलिल्लाह."

"आणि भूक?"

"ते नका विचारू मदाम," कॅप्टन मागून म्हणाला, "तुमची मेणबत्ती खाईल तो."

मदाम नुझानं पेन खाली ठेवलं. "मी सकाळपासून इथं बसलेय," ती म्हणाली, "आणि प्रत्येक माणूस मला देवाची स्तुती ऐकवतोय. कुणाला काय होतंय ते एकही जण सांगत नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे 'कसं काय' या प्रश्नाला उत्तर एकच. ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला माणूसही आधी हम्दुलिल्लाह म्हणेल, मग तुमच्या आईची, भावांची, शेळ्यांची चौकशी करेल, आणि हे सगळं आटोपल्यावर जमलंच तर ट्रॅक्टर बाजूला घ्यायला सांगेल. डॉक्टर शामाचंही तेच. शामा म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी बाई, तिशीची, तोंडानं मात्र फौजदार. मदामनं तिला विचारलं तर ती म्हणाली, "छान. हम्दुलिल्लाह. झालं? मला ऑक्सिजन भरून घ्यायचाय." आणि निघून गेली.

बोलून काही निघेना तेव्हा मदामनं वजनकाटा काढला. पुढच्या महिन्यापासून नव्वद किलोच्या वरचा कुणीही उडणार नाही, असा वरून हुकूम होता. स्वास्थ्य म्हणजे मन आणि शरीर, दोन्ही. बास्सू काट्यावर चढला. काटा फिरला, थांबेल असं वाटलं, आणि पुन्हा फिरला.

"माशाल्लाह," कॅप्टन म्हणाला.

"महिनाभर आहे तुमच्याकडे," मदाम हळूच म्हणाली. "नाहीतर मला तुमची बदली सुचवावी लागेल. खाली कोठीत एक जागा आहे म्हणे."

इकडे आड, तिकडे विहीर. खाल्लं तर बुअझ्झाबरोबर बाटल्या मोजायच्या, आणि नाही खाल्लं तर हलका होऊन परतीच्या खेपेत बसायचं. बास्सू काट्यावरून उतरला. भीतीनं त्याला इतकी भूक लागली की त्यानं डॉक्टरांच्या डब्यातली अर्धी रोटी खाल्ली.

तेवढ्यात फोन वाजला. ऐत ऊफेल्ला, अगदी वरचं गाव. इत्तो नावाची पोर दिवस भरायच्या आधी बाळंत झालेली, रक्त थांबत नाही, बाळ हातभरही नाही आणि नीट श्वास घेत नाही.

"मी येते," मदाम नुझा उठली. "पथक प्रत्यक्ष काम करताना बघितल्याशिवाय मला काही कळायचं नाही."

कॅप्टननं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "या की. जाताना काही प्रश्न नाही. येतानाचं वर ठरवू," तो म्हणाला. त्या वाक्याचा अर्थ तळावरच्या झाडूवाल्यालाही कळला असता. मदामनं मात्र थँक्यू म्हटलं.

ऐत ऊफेल्लाला उतरायची जागा म्हणजे मळणीचं खळं. धुरळा खाली बसायच्या आत बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी दिली. त्यांच्या लेखी हेलिकॉप्टर आलं म्हणजे निम्मी इत्तो वाचलीच होती. गावचा मुकद्दम पुढे आला, त्यानं बास्सूला ओळखलं आणि मिठीच मारली. "सी बास्सू! मागच्या वेळचं कोकरू लहान निघालं, मला लाज वाटत होती. या खेपेला मोठं बांधून ठेवलंय."

बास्सूच्या जिवात जीव आला.

आत अंधाऱ्या खोलीत इत्तो पांढरीफटक पडली होती. शामानं गुडघे टेकले, दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले आणि जोर लावला, आणि त्यानंतर ते हात तिथून हलले नाहीत. हात काढला की रक्त सुरू होत होतं. इत्तोची सासू लाल्ला हद्दा बाळाला शालीखाली घेऊन त्याच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकत बसली होती. तिचे ओठ निळे पडायला आले होते. बास्सूनं बाळ घेतलं, चिमुकला मास्क लावला आणि दोन बोटांनी सगळ्यात लहान पिशवी दाबायला लागला. इथं, जमिनीवर, त्याची बोटं कशी सुरेख चालत होती. बाळाचा रंग थोडा परतला. हद्दानं त्याच्या खांद्याचा मुका घेतला आणि मग बसल्या जागी भिंतीला टेकून धापा टाकायला लागली.

मग सगळं लटांबर खळ्यावर आलं. इत्तो स्ट्रेचरवर, शामा तिच्याबरोबर वाकून चालत, हात पोटावर तसेच. कॅप्टननं पेन्सिल काढली. ऊन असं होतं की खळ्याच्या दगडावर रोटी भाजली असती.

"नवरा राहील," कॅप्टन म्हणाला. नवरा रडायला लागला. मुकद्दमानं त्याला बाजूला नेलं.

"मदाम, तुमचं वजन?"

मदाम नुझा ताठ झाली. "हा बाईला विचारायचा प्रश्न नाही."

"सकाळी तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारलात."

"मी विचारलं नाही, काटा ठेवला."

"मग काटा कुठाय?"

काटा तळावर राहिला होता. मदामलाही गावातच ठेवायचं ठरलं, तिच्या पर्ससकट. त्यानंतर कॅप्टननं हेलिकॉप्टर रिकामं करायला घेतलं. दोर गेला, थंडीची कांबळी गेली, एक सीट गेली, कॅप्टनचा थर्मास गेला, त्याचं जाकीट गेलं. खळ्यावर बाजार भरल्यासारखा पसारा झाला आणि गाव त्याच्याभोवती उभं राहून भाव केल्यासारखं बघायला लागलं. शेवटी दोनच गोष्टी उरल्या, बाळाला ऊब देणारी काचेची पेटी, तिच्या भल्यामोठ्या बॅटरीसकट, आणि बास्सू. दोन्ही मावत नव्हते.

"पेटी न्या!" बास्सू घाईघाईनं म्हणाला. "पेटीच न्या, कॅप्टन. बाळ लहान आहे, गारठेल. मी राहतो."

"कोकरू बांधलंय," मुकद्दमानं दुजोरा दिला.

शामानं मान वर केली. घाम तिच्या नाकावरून इत्तोच्या झग्यावर ठिबकत होता. "बास्सू, पेटी पिशवी दाबते का?"

"नाही."

"मला हात किती?"

"दोन."

"ते कुठं आहेत?"

बास्सूनं इत्तोच्या पोटाकडे बघितलं.

"मग मुकाट्यानं आत बस. पेटी काय करते? ऊब देते. ती तुझं पोट देईल. एवढ्या गावांनी त्याच्यावर मेहनत घेतलीय, आज एकदा उपयोगाला येऊ दे."

लोक हसले. हद्दाही धापा टाकता टाकता हसली. बास्सूला मात्र हसू येईना. त्याचे पाय खळ्यात रुतले होते. एका हातानं तो पिशवी दाबत होता आणि त्याच्या मनात एकच होतं, की दार बंद झालं की हे थांबेल. त्याचा हात थांबेल आणि हे बाळ त्याच्या अंगावर गार होईल. त्यानं कॅप्टनकडे बघितलं. तळहातावरचे आकडे पुसून पुन्हा मांड, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

कॅप्टननं आकडे पुसले नाहीत. "गणित हेच आहे, बास्सू," तो म्हणाला. त्यानं त्याला नावानं हाक मारली याची बास्सूला जास्त भीती वाटली.

तो आत चढला. गणवेशाची चेन खालपर्यंत उघडली, मागं रेलून बसला, बाळाला उघड्या पोटावर घेतलं, वरून हद्दाची शाल गुंडाळली आणि मास्क धरला. दार बंद झालं. हेलिकॉप्टर उठलं, म्हणजे उठायचा विचार करत बराच वेळ थरथरलं, मग खळ्यावरून सरकत जाऊन दरीत पडल्यासारखं झालं आणि तिथं त्याला हवा सापडली. गाव वर गेलं. मदाम नुझा पर्स छातीशी धरून मुकद्दमाशेजारी उभी होती.

आणि झालंही तसंच. दरी ओलांडायच्या आत बास्सूच्या बोटांतली ताकद निघून गेली. त्याला पिशवी दिसत होती, बोटं दिसत होती, पण ती बोटं दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती.

"दाब!" शामा त्याच्या कानात ओरडली. हेडफोन होते, ओरडायची गरज नव्हती. "बास्सू! दाब मेल्या! नाहीतर तुझ्या आईला घरी जाऊन सांगेन तू काय काय खाल्लंस ते!"

त्यानं दाबली. एकदा. मग पुन्हा.

तेवढ्यात हेडफोनमध्ये एक बारीक आवाज आला. इत्तोच्या कानावरही हेडफोन चढवलेले होते, हे दोघं विसरले होते. ती मान वळवून त्याच्याकडे बघत होती. "भाऊ," ती म्हणाली, "तो गेला तर मला सांगा. मला फसवू नका. मला कळल्याशिवाय तो गेला असं व्हायला नको."

नियम काय सांगतो ते बास्सूला ठाऊक होतं. शामानं मानेनं 'नको' म्हटलंही. पण बास्सूच्या छातीत हिवाळ्यापासून अडकून बसलेलं काहीतरी त्या बारीक आवाजानं हललं. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं.

"सांगेन," तो म्हणाला. "जे होईल ते सांगेन बाई. आत्ता तो स्वतः श्वास घेत नाहीये. मी देतोय. हा दिला. हा दिला. आता छाती वर आली. हा दिला."

"आणि आता?"

"आता मीच देतोय. रंग बरा आहे. पाय गार आहेत, ते माझ्या पोटाला टेकवलेत. हा दिला."

असं तो बोलत राहिला. देवदारांवरून, सुकलेल्या नदीवरून, जिथं हिवाळ्यात तूदा गेल्याचं त्याला कळलं होतं त्या खिंडीवरून. बोलल्याबरोबर बोटं त्याची त्याला परत मिळाली होती. मधेच एकदा तो म्हणाला, "आता रंग उतरलाय. मला भीती वाटतेय." इत्तोनं डोळे मिटले, पण ती किंचाळली नाही, वेडीपिशी झाली नाही. फक्त हात लांब करून तिनं त्याच्या बुटाचं टोक धरलं आणि म्हणाली, "द्या, भाऊ. तुम्ही द्या." तो देत राहिला. 

शहराच्या ऑलिव्हच्या बागा दिसायला लागल्या तेव्हा बास्सूच्या पोटावर काहीतरी गरम पसरलं. त्याला क्षणभर वाटलं रक्त. शाल उचलून बघितलं तर पोरानं त्याच्यावर मनसोक्त मुतून ठेवलं होतं, आणि मुतण्याच्या श्रमानं तोंड वाकडं करून, पिशवीची वाट न बघता, एक श्वास घेतला होता. मग आणखी एक.

"बाई," बास्सू म्हणाला, "तुमच्या लेकानं माझा गणवेश खराब केला."

इत्तो हसली की रडली ते पात्यांच्या आवाजात कळलं नाही. शामानं मात्र एक अशी शिवी हासडली की ती इथं लिहिता येणार नाही.

खाली माणसं धावत आली. इत्तोला शस्त्रक्रियेला नेलं, बाळाला काचेच्या खोलीत. तो लढेल असं तिथली बाई म्हणाली, आणि ती उगीच कुणाला आशा लावणारी नाही. बास्सू तळावर परत आला. कॅप्टन अझ्नाग मदामला आणायला परत जाण्यासाठी इंधन भरत होता.

"ती आत्ताच येत नाहीये म्हणे," कॅप्टन म्हणाला. "मुकद्दमाचा फोन होता. बाळंतिणीसाठी रफीसा शिजवलेला, कोंबडी आणि मेथी घालून. बाळंतीण गेली उडून, मग मदामला बसवलंय. दुसऱ्यांदा वाढून घेतलं म्हणे तिनं."

बास्सू पायरीवर बसला. "कॅप्टन, आज मी नसतो मावलो तर?"

"आज मावलास ते नशीब. आज खरंच काठोकाठ होतं." कॅप्टननं नळी बाजूला ठेवली. "बाकीचे दिवस मी खोटं सांगत होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? वसंतात, भल्या सकाळी, खालच्या गावांतून सुद्धा तुला वर ठेवला मी. तेव्हा हे यंत्र एक गाय उचलतं. तू काय गाय आहेस? तूदाच्या नंतरच्या पहिल्या खेपेला मी मागं वळून बघितलं. तू दाराशी असा उभा होतास की मला वाटलं हा आत्ता खाली पडेल. मग मी पेन्सिल काढली. तू पण लागलास खायला, म्हटलं बरं झालं, गणित लोकांना पटेल."

 इतके महिने बास्सूला वाटत होतं की आपण सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतो आहोत. "आणि डॉक्टरांना ठाऊक होतं?"

"तिला विचारूनच करत होतो. मागं तिलाच एकटीला बसावं लागणार होतं ना." कॅप्टननं मिशी चावली. "बास्सू, ती प्रत्येक खेपेनंतर हँगरच्या मागच्या नळावर जाऊन ओकते. हिवाळ्यापासून. तुला कसं कळणार, तू वर जेवत असायचास."

बास्सू उठला आणि हँगरला वळसा घालून मागं गेला.

शामा नळाजवळ फरशीवर बसली होती. पाणी नुसतं वाहत होतं. इतका वेळ दाबून दाबून तिची बोटं आखडली होती, आणि ती मांडीवर उलटी पडलेली बोटं एकेक करून सरळ करायचा प्रयत्न करत होती. त्याला बघून तिनं घाईनं तोंड पुसलं.

"काय रे? बाळ?"

"बाळ बरं आहे."

"मग काय बघतोस?"

बास्सू तिच्यासमोर खाली बसला. बसताना त्याच्या गणवेशाची चेन पुन्हा उघडली, पण त्यानं ती ओढली नाही. "मला परतीच्या खेपेची भीती वाटते, डॉक्टर," तो म्हणाला. "तूदापासून. म्हणून मी खात होतो. मी तुम्हाला एकटं टाकलं. मला माफ करा."

"अरे वा. कसली मोठी बातमी आणलीस." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मला पण वाटते. तुझ्याइतकीच. फरक एवढाच की मी वाळकी आहे. मला मागं ठेवून कुणाचं वजन वाचत नाही, त्यामुळे मला कुणी कधी 'राहा' म्हटलंच नाही."

ते ऐकून बास्सूला वाटली तेवढी लाज त्याला तूदाच्या बापासमोरसुद्धा वाटली नव्हती. त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि आखडलेलं एकेक बोट हळूहळू सोडवायला लागला. तिनं हात काढून घेतला नाही.

"पुढच्या खेपेला," तो म्हणाला, "हाड मोडलेलं असेल, साधा ताप असेल, मला झेपेल असं काही असेल, तर तुम्ही वर राहा. मी आणतो खाली."

"एकटा?"

"एकटा."

"आणि भीती?"

"वाटेल की." त्यानं पुढचं बोट सरळ केलं. "रुग्णाला सांगेन, मला भीती वाटतेय, पण हात चालू आहे."

 नळ तसाच वाहत होता. मग शामा रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, हिवाळ्यापासूनचं सगळं एकदम. बास्सूनं दुसरा हात घेतला आणि त्याचीही बोटं सोडवायला सुरुवात केली.